डब्यावर नाव लिहा: परदेशी तैनात जवानांना खाऊ पाठवू इच्छिणाऱ्या सोलापूरकरांस खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व परिसरातील बेकरी आणि भट्टीचालक,
महिला बचत गटांच्या भगिनी,
तसेच गणेशोत्सव व नवरात्र मंडळांचे पदाधिकारी यांस,

विषय: परदेशात तैनात असलेल्या जवानांना घरी व भट्टीवर भाजलेले पदार्थ पाठवण्याबाबत.

सादर नमस्कार.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन तीन आठवडे उलटल्यावर, एका लग्नाच्या निमित्ताने शहरातील एका सभागृहात गेले असता, मागच्या खोलीत मला एकावर एक रचलेली एकेचाळीस खोकी दिसली. प्रत्येक खोक्यावर तिरंग्याची पट्टी चिकटवलेली होती आणि खाली 'आमच्या वीर जवानांसाठी' असे छापलेले होते. सर्वांत वरच्या खोक्याचा पुठ्ठा तेलाने पारदर्शक झाला होता आणि त्याच्या कोपऱ्यातून मुंग्यांची रांग भिंतीकडे जात होती. मी ते खोके उघडले. आत पातळ पिशवीत बांधलेली खारी होती, तिचा चुरा झाला होता. चकल्या मऊ पडल्या होत्या. बेसनाच्या लाडवांवर पांढरी बुरशी आली होती. तळाशी एका शाळकरी मुलीने वहीच्या कागदावर लिहिलेले पत्र होते. 'प्रिय जवान काका' एवढेच वाचता येत होते, कारण पुढची शाई तुपात विरघळली होती. चौकशी केली तेव्हा कळले की फराळ उत्साहाने गोळा झाला, फोटो निघाले, पण तो पाठवायचा कुठे, कोणाच्या नावाने आणि कोणत्या मार्गाने, हे शेवटपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या मंडळींच्या मनात काडीचीही खोट नव्हती, हे मी पूर्ण खात्रीने लिहिते. ज्या बायकांनी पहाटे उठून ते लाडू वळले, त्यांच्या कष्टांचे मला वाईट वाटले आणि त्या मुलीच्या पत्राचे तर फारच वाईट वाटले. यंदा तसे होऊ नये, म्हणून दिवाळीच्या पुष्कळ आधी आपणा सर्वांना हे पत्र लिहीत आहे.

मी एका जवानाची आई आहे. माझा मुलगा संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानमधील मलाकाल येथे एक वर्ष होता. त्याच्या पलटणीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईल. जवान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सियाचीनचा बर्फ आणि राजस्थानचे वाळवंट उभे राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या सैन्यातील काही हजार माणसे दरवर्षी निळी टोपी घालून परदेशी भूमीवर उभी असतात, याची आठवण गावात क्वचितच कोणी काढते. १९५० साली कोरियात गेलेल्या '६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स' या सैन्याच्या वैद्यकीय तुकडीपासून आजपर्यंत अडीच लाखांहून अधिक भारतीयांनी अशा मोहिमांत सेवा बजावली आहे आणि त्यांपैकी दीडशेहून अधिक जण परत आलेले नाहीत. मुलाची निवड झाल्याचे कळले त्या रात्री मी दक्षिण सुदानविषयी जे काही सापडेल ते वाचत बसले होते. एप्रिल २०१३ मध्ये त्याच देशातील जोंगलेई भागात गुमुरुकजवळ राष्ट्रसंघाच्या ताफ्यावर हल्ला होऊन पाच भारतीय जवान मारले गेले होते, हेही त्याच रात्री वाचनात आले. त्यानंतरचे वर्ष कसे गेले, ते मी इथे लिहीत नाही.

तिकडे जेवणाची आबाळ नसते, हे आधीच सांगते. राष्ट्रसंघाकडून शिधा मिळतो, आपल्या तुकडीचा स्वतःचा लंगर असतो, डाळ, भात, पोळी सर्व होते. तेव्हा आपण उपाशी जवानांना खाऊ घालत आहोत, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. घरचा डबा भूक भागवण्यासाठी जातच नाही. मुलगा एकदा फोनवर म्हणाला होता, "आई, इथली मातीही आपल्यासारखीच काळी आहे, पाऊस पडला की बूट सोडत नाही." पांढऱ्या नाईलच्या काठावरच्या त्या चिखलात उभ्या असलेल्या माणसाला मंगळवेढ्याकडचे रान आठवते, तेव्हा त्याला नेमके काय हवे असते, हे आई असल्याशिवायही समजू शकेल.

माझा पहिला डबा पूर्णपणे फसला. मी बेसनाचे लाडू, खारी आणि भट्टीतून आणलेला मावा केक एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून पाठवला. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धकाळात अमेरिकेतील घरोघरच्या बायका आपल्या सैनिकांना कुकीज भाजून पाठवत असत आणि त्या मऊ राहाव्यात म्हणून डब्यात पावाचा एक काप ठेवत, असे मी कुठेतरी वाचले होते. मीही केकशेजारी पावाचा काप ठेवला. खोके पोहोचायला सात आठवडे लागले. मुलाने फोनवर "छान होते" एवढेच सांगितले आणि मी सुखावले. पुढे रजेवर आलेल्या त्याच्या एका सोबत्याने खरे काय ते सांगितले. पावाच्या कापाने स्वतःची ओल आणि बुरशी दोन्ही केकला दिली होती, खोके उघडताच वास सुटला होता, आणि मुलाने ते कोणाला न दाखवता एकट्याने खड्डा करून पुरले होते. तिकडच्या कुकीज जिथे आठवड्या-दोन आठवड्यांत पोहोचत, तिथे तो काप कामाचा असेल. सोलापूर ते मलाकाल या प्रवासात तो घातकच ठरला.

त्यानंतर मी हा विषय अभ्यासासारखा हाती घेतला. सोलापूरच्या हवेत राहणाऱ्या आपल्याला पदार्थ सादळणे म्हणजे काय, याची खरी कल्पनाच नसते. आपल्याकडे उघड्या परातीत ठेवलेली शंकरपाळीसुद्धा दुसऱ्या दिवशी कुरकुरीत राहते. म्हणून एका आषाढात मी सहा पदार्थांचे बारा डबे भरले. सहा माझ्याच कपाटात ठेवले आणि सहा रत्नागिरीला नणंदेकडे पाठवून, सहा आठवडे उघडू नका, अशी ताकीद दिली. तिने ती पाळली. नंतर आम्ही दोघींनी फोनवर बोलत एकाच दिवशी ते डबे उघडले.

निकाल मी जसाच्या तसा देते, कारण यातून पुढचे बरेचसे ठरते. नानकटाई दोन्हीकडे उत्तम निघाली. छोटे गोल जिरा बटर तर जणू कालच भट्टीतून काढले होते असे होते. टोस्टही टिकले. खारी माझ्याकडे चांगली राहिली, पण रत्नागिरीत चामड्यासारखी झाली. खोबऱ्याची बिस्किटे दिसायला ठीक होती, परंतु दोन्हीकडे खवट झाली. अंड्याच्या केकविषयी नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, हा डबा मी उघडला तसाच बंद केला, बाहेर नेऊन टाकते." एवढ्यावर तो प्रश्न मिटला.

या निकालांमागे साधी कारणे आहेत. पदार्थ तीन निरनिराळ्या प्रकारे बिघडतो आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. बुरशीला पाणी लागते. ज्या पदार्थात दूध, अंडे, मावा किंवा पाकाची ओल आहे, तो लांबच्या प्रवासात टिकणार नाही. नानकटाईत मैदा, थोडे बेसन व रवा, पिठीसाखर, तूप आणि वेलची एवढेच असते, पाण्याचा थेंब नसतो, म्हणून बुरशीला तिथे थारा मिळत नाही. खवटपणा हा तुपा-तेलाचा दोष असून तो हवा, ऊन आणि उष्णता यांनी वाढतो. म्हणूनच ओले किंवा सुके खोबरे आणि कुटलेले शेंगदाणे बिस्किटात घालू नयेत, आणि डबा पारदर्शक प्लास्टिकचा नसून पत्र्याचा असावा. तिसरे सादळणे, म्हणजे पदार्थाने बाहेरची ओल ओढून घेणे. खारीसारख्या पापुद्र्यांच्या पदार्थाला ते सर्वांत लवकर होते. टोस्ट टिकतो, कारण तो दोनदा भाजलेला असतो. बिस्किट या शब्दाचा लॅटिनमधला मूळ अर्थही 'दोनदा भाजलेले' असाच आहे, आणि जहाजांवरून महिनोन् महिने प्रवास करणारे खलाशी शेकडो वर्षे त्याच्याच आधारावर जगले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या नावाने ओळखले जाणारे ॲन्झॅक बिस्किटही ओट्स, पीठ, साखर, लोणी आणि घट्ट साखरपाकाचे असते, त्यात अंडे नसते. दूरवर जाणाऱ्या खाऊचे शास्त्र सगळीकडे सारखेच आहे.

आता आपल्या घरच्या पदार्थाविषयी. कडक भाकरी ही काही भट्टीची नाही, ती तव्यावरची आहे. तरीही या पत्रात तिला पहिले पान वाढल्यावाचून मला राहवत नाही. ज्वारीची पातळ थापलेली भाकरी मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत, तिच्यातील ओलीचा शेवटचा अंशही निघून जाईपर्यंत भाजायची, हे कसब आपल्या भागातल्या बायकांच्या हातात जसे आहे तसे मी इतरत्र कुठे पाहिले नाही. तिच्यात तूप नाही, तेल नाही, साखर नाही, म्हणजे खवट होण्यासारखेही काही नाही आणि बुरशीला धरण्यासारखेही काही नाही. दमट हवेत ती किंचित नरम पडली तरी तव्यावर मिनिटभर टाकली की पुन्हा कडक होते. खारी नरम पडली तर जवानाने भट्टी कुठून आणायची? आपल्या आजी-पणजींनी ही भाकरी शेतावर, यात्रेला आणि लांबच्या वाटेला जाणाऱ्यांसाठीच करून ठेवली होती. जिला आपण दुकानात पाकिटात पाहतो, ती मुळात प्रवासाचीच शिदोरी आहे.

माझा दुसरा डबा या सगळ्या शिकवणीनंतर गेला. रजेवर आलेला उदगीरकडचा एक जवान परत निघाला होता, त्याच्या सामानात दोन किलोंपेक्षा जास्त जागा नव्हती. पत्र्याच्या चौकोनी डब्याला आतून बटर पेपर लावला, खाली जिरा बटर, मध्ये नानकटाई उभ्या रांगांत, वर कडक भाकरीचे चतकोर तुकडे, आणि शेंगांच्या चटणीची एक छोटी बंद बाटली ठेवली. रिकाम्या फटींत अमेरिकन बायका पॉपकॉर्न भरतात, मी चुरमुरे भरले; वाटेत डबा हलला तरी नानकटाई एकमेकींवर आपटत नाहीत आणि शेवटी चुरमुरेही खाल्ले जातात. झाकणाच्या सांध्यावर चिकटपट्टी फिरवली आणि वरून मांजरपाटाची पिशवी शिवली. गिरण्यांच्या गावात वाढलेल्या आम्हा बायकांना पार्सल शिवायला कोणी शिकवावे लागत नाही.

पाच नानकटाया फुटल्या. त्यांचा भुगा त्यांनी चहात घालून खाल्ला. कडक भाकरीवर शेंगांची चटणी घेऊन, वर लंगरातले दही घालून, दोन केरळी, एक गढवाली आणि बाकीचे आपल्याकडचे असे मिळून ती एका बैठकीत संपवली, असे मुलाने कळवले. वर्षाच्या शेवटी तो घरी परतला तेव्हा रिकामा डबा त्याच्या पेटीत होता. धुण्यासाठी मी झाकण काढले, तर झाकणाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने अकरा नावे लिहिलेली होती आणि प्रत्येकाच्या पुढे त्याच्या गावाचे नाव होते. मी विचारल्यावर मुलगा म्हणाला, "पुढचा डबा पाठवशील तेव्हा कोणाचे नाव राहू नये म्हणून त्यांनी लिहून दिली." ते झाकण मी धुतले नाही.

या अकरा नावांमुळेच मी आपणा सर्वांपुढे माझी मुख्य विनंती ठेवत आहे, ती अशी की कोणताही डबा 'जवानांसाठी' म्हणून पाठवू नये, तो एका जवानासाठी, त्याच्या नावाने पाठवावा. यामागे केवळ भावना नाही, अनुभवही आहे. २००१ साली अँथ्रॅक्स या घातक रोगाचे जंतू घातलेली पत्रे आल्यानंतर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 'कोणत्याही सैनिकास' असा पत्ता लिहिलेले टपाल स्वीकारणे थांबवले. ब्रिटनच्या संरक्षण खात्यानेही नागरिकांना अशी विनंती केली की अनोळखी सैनिकांसाठी पार्सले पाठवू नयेत, कारण त्या ढिगाऱ्यामुळे सैनिकांच्या स्वतःच्या घरून येणारी पत्रे आणि खाऊ मागे पडतो. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या एकेचाळीस खोक्यांपायी एखाद्या आईचा दोन किलोंचा डबा विमानात चढायचा राहिला, तर आपण जवानाचे भले केले की नुकसान, याचा विचार आपण सर्वांनी करावा.

नाव मिळवायचे कसे, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर आपल्या गल्लीतच आहे. उत्तर सोलापूर, बार्शी, माढा, करमाळा, सांगोला, कुठेही पाहा, सैन्यात मुलगा नसलेले गाव शोधावे लागेल. ज्या घरचा जवान परदेशी मोहिमेवर आहे त्या घरी जावे, त्याच्या आईला किंवा पत्नीला विचारावे, आणि त्या घरातर्फेच डबा जावा. पत्ता जवानाने घरी दिलेला असेल तोच आणि तसाच लिहावा. आपल्या सैन्याच्या टपालावर गाव लिहीत नाहीत. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली ५६ किंवा ९९ ए.पी.ओ. (म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय) एवढेच असते. ५६ चे टपाल दिल्लीहून आणि ९९ चे कोलकात्याहून सैन्याच्या स्वतःच्या टपालसेवेमार्फत पुढे जाते. जवान कुठे आहे हे पाकिटावरून कोणाला कळू नये, हाच त्या पद्धतीचा हेतू आहे. म्हणून मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे की डब्यांचे फोटो काढायचेच असतील तर पत्त्याची बाजू दिसू देऊ नये, कोणाची पलटण कोणत्या देशात आहे हे फलकावर किंवा मोबाइलवर लिहू नये. मी माझ्या मुलाच्या पलटणीचे नाव या पत्रात लिहिले नाही ते याच कारणाने. तसेच डब्याच्या आत कोणाही पुढाऱ्याचे छायाचित्र असलेले पत्रक घालू नये. त्या जागेत दोन नानकटाया बसतात.

परदेशी टपालाने थेट खाद्यपदार्थ पाठवण्याच्या मार्गाला मात्र कोणी जाऊ नये. निरनिराळ्या देशांचे अन्नपदार्थांविषयीचे नियम कडक असतात आणि पार्सल सीमाशुल्काच्या गोदामात अडकले की नानकटाईचे आयुष्य तिथेच संपते. सैन्याच्या टपालाचा मार्ग, किंवा रजेवरून परतणाऱ्या सोबत्याचा हात, हे दोनच मार्ग मला भरवशाचे वाटतात. सोबत्याच्या हाती द्यायचे असेल तर आधी त्याला विचारावे आणि दोन किलोंची मर्यादा पाळावी. त्यालाही स्वतःचे घर आहे आणि त्याच्या आईचाही डबा त्याच सामानात आहे.

आता भट्टीचालक बंधूंना. आपल्या शहरात उन्हाळ्याच्या सुटीत आणि दिवाळीआधी बायका घरून मैदा, साखर, तूप घेऊन भट्टीवर येतात आणि आपल्यासमोर बिस्किटे पाडून, भाजून घेऊन जातात, ही पद्धत कित्येक वर्षांची आहे. पत्र्यावर नंबराची चिठ्ठी लावून रात्री अकरा वाजता आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या बायकांच्या गप्पांत माझे अर्धे आयुष्य गेले आहे. आपण यंदा फक्त एका रात्रीची भट्टी या कामासाठी ठेवावी, एवढेच मागणे आहे. पीठ, तूप, साखर आम्ही आणू, भाजणावळही देऊ. आपल्याकडून हवा आहे तो आपला हात. घरच्या नानकटाईला तूप सढळ असते, ती तोंडात विरघळते आणि प्रवासातही विरघळते. जवानाच्या नानकटाईला तूप थोडे कमी घालून ती एक मात्रा जास्त भाजावी लागते, आणि ती मात्रा किती, हे आमच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते. दुसरे असे की भट्टीतून निघालेला पत्रा पूर्ण गार होईपर्यंत डबा भरू देऊ नये. आम्ही घाई करतो. गरम बिस्किटाची वाफ झाकणाखाली अडकते आणि त्या दोन थेंबांनी सगळी मेहनत वाया जाते. आम्ही कितीही आग्रह केला तरी आपण आम्हाला रागावून थांबवावे.

वेळेविषयी एक नाजूक गोष्ट लिहिते. सहा आठवड्यांचा प्रवास धरला, तर लक्ष्मीपूजनाला पोहोचायचा डबा अनंत चतुर्दशी झाल्याबरोबर निघायला हवा. म्हणजे भट्टी पितृपक्षात लावावी लागते. गेल्या वर्षी मी हे सुचवले तेव्हा काही भगिनींनी, त्या पंधरवड्यात दिवाळीचा फराळ कसा करायचा, असे विचारले. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. परंतु पितृपक्ष हा अन्नदानाचाच काळ आहे, आणि दूर असलेल्याला अन्न पोहोचवणे हे त्या पंधरवड्याच्या भावनेशी विसंगत आहे असे मला वाटत नाही. माझ्या सासऱ्यांच्या तिथीला मी दरवर्षी पाच जणांना जेवू घालते. मुलगा तिकडे होता त्या वर्षी त्यांच्या नावाने एक डबा मलाकालला गेला. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी दिवाळीचा आग्रह सोडून संक्रांतीचा डबा करावा. बाजरीची तीळ लावलेली कडक भाकरी आणि तिळाची बिस्किटे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत तिकडे पोहोचली, तर सोलापूरच्या मुलाला त्याहून मोठा सण कोणता असेल?

बचत गटांच्या भगिनींना माझे सांगणे आहे की कडक भाकरी त्यांनी विकत द्यावी, फुकट देऊ नये. तो त्यांचा रोजगार आहे, त्यावर अनेक घरांची चूल पेटते, आणि जवानाच्या नावाखाली कोणाची मजुरी बुडावी हे कोणाही जवानाला आवडणार नाही. भाकरी नेहमीपेक्षा लहान, डब्याच्या मापाची थापून द्यावी, आणि पाकिटावर भाजल्याचा दिवस लिहावा, ही मात्र विनंती. भाकरीचे पैसे, पत्र्याचे डबे, मांजरपाट आणि टपालखर्च हा भार मंडळांनी वर्गणीतून उचलावा. वीस डब्यांचा खर्च एका रात्रीच्या ध्वनिवर्धकाच्या भाड्याहून जास्त होणार नाही, असा माझा अंदाज आहे. वीस डबे नीट जावेत, हे दोनशे खोकी खोलीत पडून राहण्यापेक्षा हजारपट बरे आहे.

सोलापूरला हे काम परके नाही. याच शहरात जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथल्या सैन्याच्या जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या स्मारकात गेले की मला दरवेळी एकच प्रश्न पडतो की त्या सव्वाचार वर्षांत घरचा घास त्यांच्यापर्यंत कधी पोहोचला असेल का. १९५३ साली मेजर जनरल थोरात यांच्या नेतृत्वाखाली भारताचे संरक्षक दल कोरियात गेले, तेव्हा सरकारने जवानांच्या पत्रांसाठी आपल्याच तिकिटांवर 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' अशी देवनागरी अक्षरे छापून दिली होती. तेव्हाच्या नव्या स्वतंत्र देशाने इतक्या दूरच्या माणसाच्या पत्राची एवढी काळजी घेतली होती. आज तर भट्टी आपल्या कोपऱ्यावर आहे आणि मलाकालहून फोन लागतो.

पत्राविषयीही लिहायचे राहिले. शाळांतील मुलांनी पत्रे जरूर लिहावीत, पण ती बॉलपेनने लिहून वेगळ्या छोट्या पिशवीत बंद करून डब्यात ठेवावीत, म्हणजे शाई फुटणार नाही. 'प्रिय जवान काका' ऐवजी ज्याला डबा जाणार आहे त्याचे नाव मुलांना सांगावे. त्यांनी त्याला शाळेचे, पावसाचे, घरच्या म्हशीचे, काहीही कळवावे. माझ्या मुलाला बाळे गावच्या एका मुलाने लिहिले होते की आमच्या विहिरीला पाणी आले आहे आणि मी पोहायला शिकलो. ते पत्र त्याच्या खोलीच्या पत्र्याच्या भिंतीवर वर्षभर लावलेले होते.

ज्यांच्या घरून कोणीच काही पाठवत नाही, असेही जवान प्रत्येक तुकडीत असतात. त्यांची नावे आपल्याला ठाऊक असणार नाहीत, आणि ती शोधण्याचीही गरज नाही. डबा ज्याच्या नावाने जाईल, त्याला ती ठाऊक असतात. म्हणून एका जवानाच्या डब्यात चार जणांना पुरेल एवढे घालावे आणि आत एका ओळीत तसे लिहावे, म्हणजे त्यालाही संकोच राहणार नाही.

यंदा एका भट्टीचालकांनी अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या सोमवारची रात्र या कामासाठी देण्याचे मान्य केले आहे. माझ्याकडे पत्र्याचे चौदा डबे धुऊन, उन्हात वाळवून तयार आहेत. आतापर्यंत नऊ घरांनी आपल्या मुलांची नावे दिली आहेत. त्यांपैकी दोन घरांत आईच नाही, वडीलच नानकटाई करायला शिकणार आहेत. पाच डबे अजून रिकामे आहेत. आपल्या गल्लीत, आपल्या भट्टीवर येणाऱ्या गिऱ्हाइकांत किंवा आपल्या गटात असे एखादे घर असेल, तर त्या घराला गणपती बसण्याआधी विचारून ठेवावे, म्हणजे तूप किती आणायचे ते मला ठरवता येईल.

आपली नम्र,
एका जवानाची आई
सोलापूर